टायफूनचा लांबलेला पाऊस आणि कोसळणारी दरड : जपानमध्ये डोंगरउतारालगत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी सविस्तर मार्गदर्शक

सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला दरडीची भीती समजावून सांगावी लागत नाही. 30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण, 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातले तळिये आणि 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी डोंगराखाली गेली, ते दिवस आपण विसरलेलो नाही. असे असूनही नोकरीनिमित्त जपानमध्ये आलेली आपलीच माणसे योकोहामा, कोबे किंवा हिरोशिमा यांसारख्या शहरांत घर भाड्याने घेताना स्टेशन किती मिनिटांवर आहे, मुलांची शाळा किती लांब आहे, किराणा कुठे मिळतो हे बारकाईने विचारतात. घरामागे उभा असलेला वीस-पंचवीस फुटांचा कडा मात्र पाहायचा राहून जातो. तो सिमेंटने लिंपलेला असतो, वर कठडा असतो, त्यामुळे तो डोंगराचाच तुकडा आहे हे लक्षात येत नाही.

योकोहामा हे 1965 पासून मुंबईचे भगिनी शहर आहे, आणि त्याच्या मिदोरी प्रभागात आज बरीच भारतीय कुटुंबे राहतात. 6 ऑक्टोबर 2014 च्या टायफूनमध्ये याच शहरात, मिदोरी आणि नाका या दोन प्रभागांत, कडे कोसळून दोघांचा मृत्यू झाला. तो दूरचा दुर्गम डोंगर नव्हता, भर वस्तीतला उतार होता. म्हणून हा लेख केवळ डोंगराळ खेड्यांत राहणाऱ्यांसाठी नाही. ज्यांच्या घराच्या मागे, पुढे किंवा खाली उतार आहे, त्या सर्वांसाठी आहे.

आधी समजून घ्यायची गोष्ट : उतार पाऊस साठवतो

या संपूर्ण लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही : दरड कोसळते ती केवळ या क्षणी पडणाऱ्या सरीमुळे नव्हे, तर गेल्या काही तासांत आणि दिवसांत मातीत मुरून बसलेल्या पाण्यामुळे. शेवटची सर ही केवळ निमित्त ठरते. खिडकीतून दिसणारा पाऊस किती जोराचा आहे यावरून धोक्याचा अंदाज बांधणारा माणूस म्हणूनच नेहमी उशिरा जागा होतो.

हे समजण्यासाठी एकावर एक ठेवलेले तीन रांजण डोळ्यांसमोर आणावेत. प्रत्येकाच्या बाजूला आणि तळाला भोक आहे. पाऊस वरच्या रांजणात पडतो. काही पाणी बाजूच्या भोकातून वाहून जाते, काही तळातून खालच्या रांजणात उतरते, तिथून आणखी खाली. पाऊस थांबला की वरचा रांजण लवकर रिकामा होतो, परंतु खालचे दोन भरतच राहतात. मासामी सुगावारा या जपानी जलशास्त्रज्ञाने नद्यांच्या प्रवाहासाठी मांडलेली ही कल्पना आज जपानचे हवामान खाते दरडींच्या इशाऱ्यासाठी वापरते. तिन्ही रांजणांतल्या पाण्याची बेरीज म्हणजे मातीत साठलेल्या पाण्याचा निर्देशांक. मातीच्या कणांमधल्या फटी पाण्याने भरल्या की ते पाणी कणांना एकमेकांपासून दूर ढकलू लागते, त्यांची पकड सुटते, आणि पाण्याच्या वजनाने जड झालेला तो थर खालच्या कातळावरून घसरतो. झाडांची मुळे वरच्या मीटर-दोन मीटर मातीलाच धरून ठेवतात; घसरण त्याच्या खालून झाली, तर झाडे उभ्याच्या उभी खाली येतात आणि त्यांचे ओंडके लोंढ्याची मारक शक्ती वाढवतात. ‘वर दाट झाडी आहे, काही होणार नाही’ हा समज त्यामुळे धोक्याचा आहे.

टायफून हे आपल्या बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळाचेच वायव्य प्रशांत महासागरातले नाव. वाऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे 17 मीटरच्या पुढे गेला की जपानमध्ये त्याला हे नाव मिळते. वर्तमानपत्रे वाऱ्याबद्दल अधिक लिहितात, पण उताराखाली राहणाऱ्याने वादळ किती जोराचे आहे यापेक्षा ते किती हळू चालले आहे हे आधी पाहावे. सप्टेंबर 2011 मध्ये आलेले तालास वादळ वाऱ्याच्या दृष्टीने फारसे भयंकर नव्हते. परंतु ते आकाराने मोठे होते, अतिशय संथ गतीने सरकत होते, आणि त्याच्या पूर्वेकडच्या अंगाने समुद्रावरची ओली हवा दिवसच्या दिवस ‘किई’ नावाच्या द्वीपकल्पाच्या डोंगरांवर आदळत राहिली. नारा प्रांतातल्या कामिकितायामा इथे 72 तासांत 1,652.5 मिमी पाऊस मोजला गेला. 26 जुलै 2005 च्या मुंबईच्या प्रलयात सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी पडला होता. इथे त्याच्या पावणेदोनपट पाणी तीन दिवसांत एका डोंगरगावावर कोसळले. डोंगरांचे मोठे भाग खोल कातळापासून सुटून खाली आले आणि सतरा ठिकाणी नद्या-ओढ्यांची पात्रे अडली. ओतो भागातल्या एका घसरणीने तर नदी ओलांडून समोरच्या काठावरची घरे उद्ध्वस्त केली. ‘डोंगर नदीपलीकडे आहे’ हीसुद्धा हमी नव्हे.

त्याच भागातल्या तोत्सुकावा गावाचा इतिहास इथे सांगण्याजोगा आहे. ऑगस्ट 1889 मध्ये अशाच पावसाने त्या गावाचे इतके नुकसान केले की सुमारे अडीच हजार माणसे गाव सोडून दूर उत्तरेला होक्काइदोला गेली आणि तिथे नवे तोत्सुकावा, म्हणजे शिन-तोत्सुकावा, वसवले. जे डोंगर एकदा कोसळले ते पुन्हा कोसळू शकतात. जुन्या गावकऱ्यांच्या आठवणी, गावात उभे केलेले स्मृतिशिलालेख आणि ‘इथे पूर्वी काय झाले’ असा शेजारच्या आजोबांना विचारलेला प्रश्न यांचे मोल म्हणूनच फार मोठे आहे.

धोका तीन रूपांत येतो

जपानी सूचनांमध्ये तीन शब्द ऐकू येतात. गाकेकुझुरे म्हणजे उभा कडा अचानक कोसळणे. याला पूर्वसूचना फारच थोडी मिळते आणि पळायला काही सेकंदच असतात. दोसेकिर्यु म्हणजे दगड, माती, पाणी आणि ओंडके यांचा ओढ्याच्या वाटेने येणारा लोंढा. त्याचा वेग ताशी 20 ते 40 किलोमीटर असतो, म्हणजे माणसाने धावून त्याला हरवणे शक्य नसते. जिसुबेरि म्हणजे मोठा भूभाग हळूहळू सरकणे. यात भेगा पडतात, दारे अडकतात, आणि सहसा काही वेळ हाती असतो. तिन्हींना मिळून दोशा साइगाई म्हणतात. मोबाइलवर किंवा गल्लीतल्या भोंग्यावर हे दोन शब्द ऐकू आले की बाकीचे वाक्य कळले नाही तरी सावध व्हावे.

पहिली पायरी : नकाशावर स्वतःचे घर शोधणे

हे काम कोरड्या दिवशी, चहाचा कप हातात घेऊन करण्याचे आहे. जपान सरकारच्या ‘कासानेरु हझार्ड मॅप’ या संकेतस्थळावर आपला पत्ता टाकून दोशा साइगाईचा थर निवडावा. नकाशावर पिवळा भाग दिसला तर तिथे दरडीने जीवाला धोका होऊ शकतो. लाल भाग दिसला तर तिथे घराची इमारतच मोडण्याइतका आघात होऊ शकतो. हे पट्टे जून 1999 मध्ये हिरोशिमात झालेल्या मोठ्या दुर्घटनेनंतर आलेल्या आणि 2001 पासून लागू झालेल्या कायद्याने आखले जातात.

पट्टे आखण्याचे निकष समजले की नकाशा डोळ्यांनीही वाचता येतो. 30 अंश किंवा अधिक चढाचा आणि 5 मीटर किंवा अधिक उंचीचा उतार असेल, तर त्याच्या माथ्यापासून 10 मीटरपर्यंतची जागा आणि पायथ्यापासून उताराच्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंतची जागा, जास्तीत जास्त 50 मीटर, पिवळ्या पट्ट्यात येते. म्हणजे मागचा कडा 10 मीटरचा असेल तर त्याच्या पायथ्यापासून 20 मीटर जागा धोक्याची. ओढ्याच्या लोंढ्यासाठी मात्र हा पट्टा डोंगरातून बाहेर पडल्यानंतरही जमिनीचा उतार 2 अंशांपर्यंत कमी होईपर्यंत पसरतो, आणि 2 अंशांची जमीन चालताना जवळजवळ सपाटच वाटते. म्हणूनच डोंगरापासून दूर, सपाट जागी राहतो असे मानणारी अनेक घरे नकाशात पिवळी निघतात.

घर भाड्याने किंवा विकत घेताना करारापूर्वी एजंटने जे महत्त्वाच्या बाबींचे स्पष्टीकरण वाचून दाखवायचे असते, त्यात जागा या पट्ट्यात आहे का हे सांगणे त्याच्यावर बंधनकारक आहे. तो कागद जपानीत असतो आणि भराभर वाचला जातो. तिथे थांबवून ‘दोशा साइगाई केइकाई कुइकी (दरडीच्या धोक्याचा पट्टा) आहे का?’ एवढा एकच प्रश्न विचारावा.

आणखी एक सावधगिरी. ज्या जागी नकाशात रंग नाही, तिथे धोका नाहीच असे समजू नये. 3 जुलै 2021 रोजी आतामी शहरात अनेक दिवसांच्या पावसानंतर ओढ्याच्या उगमापाशी माणसांनी टाकलेला मातीचा भराव सुटला आणि 28 जणांचा बळी गेला. तो टायफून नव्हता, पावसाळी पट्ट्याचा पाऊस होता. पण साठत गेलेल्या पाण्याचा न्याय तोच. वरच्या अंगाला ट्रकने आणून माती टाकली जात असेल, तर प्रभाग कार्यालयात जाऊन चौकशी करावी. मे 2023 पासून अशा भरावांसाठी देशभर लागू असलेला नवा कायदा आहे.

दुसरी पायरी : घराभोवती एक फेरी

नकाशा पाहून झाल्यावर छत्री न लागणाऱ्या दिवशी घराभोवती चालावे, आणि मग हलका पाऊस पडून गेल्यावर पुन्हा तीच फेरी मारावी. दुसऱ्या फेरीतच खरे काय ते दिसते.

संरक्षक भिंतीजवळ उभे राहून तिच्यातल्या छोट्या नळकांड्यांकडे पाहावे. भिंतीमागे साठलेले पाणी बाहेर पडावे म्हणून ती ठेवलेली असतात. नियमाप्रमाणे दर 3 चौरस मीटर भिंतीमागे किमान एक आणि आतून किमान साडेसात सेंटिमीटर व्यासाचे नळकांडे हवे. पाऊस पडून गेल्यावर त्यातून स्वच्छ पाणी ठिबकत असेल तर भिंत आपले काम करते आहे. ते कोरडे ठणठणीत असेल, आत गवत वाढले असेल, मातीने तोंड बुजले असेल, आणि शेजारच्याच सांध्यातून मात्र ओल फुटत असेल, तर पाणी भिंतीमागे अडून तिला ढकलते आहे असे समजावे. नळकांड्यातून गढूळ पाणी येत असेल तर मागची माती वाहून चालली आहे. भिंतीला पोट सुटले आहे का हे पाहण्यासाठी तिच्या एका टोकाला डोळा लावून दुसऱ्या टोकाकडे बघावे. गवंडी ओळंबा पाहतो तसे. आडव्या भेगा उभ्या भेगांपेक्षा अधिक वाईट. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खूण करून तारीख घालून फोटो काढून ठेवावा, म्हणजे पुढच्या पावसानंतर ती वाढली का हे अंदाजाने नव्हे तर नजरेने कळते.

उताराच्या माथ्यावर जाता येत असेल तर तिथे चरासारखी भेग, खचलेला कठडा किंवा वाकलेली झाडे आहेत का हे पाहावे. पन्हाळी तुंबून गच्चीचे पाणी थेट उतारावर पडत असेल तर घरमालकाला लगेच सांगावे. हे किरकोळ वाटणारे काम आहे, परंतु 100 चौरस मीटर छपरावर 100 मिमी पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी, आणि ते सगळे एकाच जागी मुरवणे उताराला परवडणारे नसते. शंका आली तर छायाचित्रे घेऊन प्रभाग कार्यालयात जावे. भाषा नीट येत नसली तरी छायाचित्र दाखवल्यावर समोरच्याला कळते.

तिसरी पायरी : कुठे जायचे आणि कोणत्या वाटेने

प्रत्येक शाळा किंवा सभागृह प्रत्येक संकटात सुरक्षित असतेच असे नाही. आपत्कालीन निवाऱ्याच्या जागा पूर, भूकंप, त्सुनामी, दरड अशा संकटागणिक ठरवलेल्या असतात, आणि फलकावर तशी चित्रे असतात. आपली जागा दरडीसाठी चालते का हे आधीच पाहून ठेवावे. परदेशी नागरिकाला तिथे प्रवेश मिळेल का, अशी शंका काहींना असते, मिळतो.

निवारा म्हणजे फक्त शाळेचे सभागृहच असे नव्हे. सपाट भागात, नदीपासूनही दूर राहणाऱ्या मित्राचे घर किंवा स्टेशनजवळचे हॉटेल हाही उत्तम निवारा आहे, आणि लहान मुले असलेल्यांना तिथे एक रात्र काढणे अधिक सोपे जाते. मराठी मंडळातल्या ओळखी गणेशोत्सवात वाढतात, आणि गणपतीचे दिवस नेमके टायफूनच्या हंगामातच येतात. ‘वादळ आले तर आम्ही तुमच्याकडे येऊ’ हे बोलणे त्याच वेळी करून ठेवावे. संकोच करू नये. आपल्याकडे वाड्यावरची माणसे पावसात खालच्या आळीत नातेवाइकांकडे जातच असत.

वाट ठरवताना ती ओढा ओलांडत नाही, कड्याखालून जात नाही आणि भुयारी रस्त्यातून जात नाही हे बघावे. ती दिवसा एकदा मुलांसह चालून पाहावी आणि किती मिनिटे लागली ते लिहून ठेवावे. आई-बाबा भारतातून आलेले असतील तर त्यांच्या पावलाने लागणारा वेळ मोजावा, आपल्या पावलाने नव्हे.

पिशवीबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याच्या याद्या सगळीकडे मिळतात. औषधे, चष्मा, झाइर्यू कार्ड (जपानमधले निवासी ओळखपत्र), पासपोर्ट, रोख येन आणि सुटी नाणी, विजेरी, फोनची बॅटरी, पाणी, आणि तांदळाच्या गोळ्यांवर भागत नसेल तर लाडू-चिवडा. पायात बूट असावेत. गमबूट पाण्याने भरले की चालता येत नाही.

चौथी पायरी : वादळ तीन दिवसांवर असताना

हवामान खात्याच्या नकाशावर वादळाच्या मार्गाभोवती वर्तुळे दिसतात. ती वादळाचा आकार दाखवत नाहीत. वादळाचे केंद्र तेव्हा कुठे असू शकेल याची शक्यता दाखवतात. एका दिवसाच्या वर्तुळापासून दुसऱ्या दिवसाच्या वर्तुळापर्यंतचे अंतर कमी असेल तर वादळ रेंगाळणार आहे. शिवाय जपानच्या होन्शू या मुख्य बेटाजवळ पावसाचा पट्टा आधीच थबकला असेल, तर वादळ शेकडो किलोमीटर दूर असतानाही त्याची ओली हवा त्या पट्ट्याला खतपाणी घालते आणि माती वादळ पोहोचण्याआधीच भिजून जाते. त्या आठवड्यात आधी किती पाऊस झाला हे म्हणून लिहून ठेवावे.

सहलीला निघाला असाल तर ती रद्द करावी. 12 ऑक्टोबर 2019 रोजी हागिबिस वादळात हाकोने इथे एका दिवसात 922.5 मिमी पाऊस झाला, जपानमधला एका दिवसाचा तो उच्चांक ठरला, आणि तिथली डोंगरी रेल्वे पुन्हा पूर्ण सुरू व्हायला पुढच्या वर्षीचा जुलै उजाडला. डोंगरी महामार्गांवर सलग किती मिलिमीटर पावसानंतर रस्ता बंद होईल याचे फलक असतात. उतार साठलेल्या पाण्यानेच कोसळतो हे रस्ते सांभाळणाऱ्यांना पक्के ठाऊक आहे, ते या फलकांवरून दिसते.

पाचवी पायरी : पाऊस सुरू झाल्यावर मोजणे

सरकारी सूचनांमधला एक सोपा निकष असा आहे : तासाला 20 मिमीच्या पुढे पाऊस किंवा सुरुवातीपासून एकूण 100 मिमीच्या पुढे पाऊस झाला, तर दरडीबाबत पूर्ण सावध व्हावे. सरळ बाजूंचा एखादा डबा, निमुळती बादली नव्हे, उघड्या जागी ठेवला आणि आत पट्टी धरली, तर पाण्याची उंचीच मिलिमीटरमध्ये पाऊस सांगते. वाऱ्यामुळे हे माप थोडे कमी येते, परंतु डब्यात चार बोटे पाणी साठलेले स्वतः पाहिले की आकड्याचा अर्थ जसा कळतो तसा तो पडद्यावरून कळत नाही.

खरा निर्णय मात्र हवामान खात्याच्या किकिकुरु या नकाशावर घ्यावा. तो एक-एक किलोमीटरच्या चौकोनांत मातीतल्या पाण्याचा धोका रंगाने दाखवतो आणि दर 10 मिनिटांनी बदलतो. सूचनांची अधिकृत नावे वेळोवेळी बदलतात. म्हणून नावांपेक्षा आकडा आणि रंग लक्षात ठेवावा.

लेव्हल 3, लाल : वृद्ध, गरोदर स्त्रिया, लहान मुलांचे पालक आणि जपानी न समजणारे पाहुणे यांनी निघायचे.
लेव्हल 4, जांभळा : धोक्याच्या पट्ट्यातल्या प्रत्येकाने निघून गेलेले असायचे. हिनान शिजी, म्हणजे घर सोडण्याचा आदेश, या पातळीला येतो.
लेव्हल 5, काळा : दुर्घटना घडून गेली आहे किंवा कोणत्याही क्षणी घडेल.

लेव्हल 5 ही निघण्याची पातळी नव्हे. पाचपैकी चौथी आहे, अजून एक बाकी आहे, असा हिशेब अनेक जण करतात, आणि तो जीवघेणा आहे. मोबाइलसाठी जपानच्या पर्यटन विभागाचे ‘सेफ्टी टिप्स’ हे अ‍ॅप इंग्रजीतही इशारे देते.

सहावी पायरी : अंधाराआधी निघणे

या लेखातला मला सर्वांत कळकळीने सांगावासा वाटणारा भाग हा आहे. टोकियोच्या दक्षिणेला असलेल्या इझु ओशिमा बेटावर 16 ऑक्टोबर 2013 च्या पहाटे जे घडले ते घड्याळाकडे पाहत वाचावे. आदल्या संध्याकाळी सहाच्या सुमारास दरडीचा इशारा दिला गेला होता. ऑक्टोबरच्या मध्यात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे इशारा आला तेव्हाच अंधार पडलेला होता. गावाला घर सोडण्याची सूचना मात्र दिली गेली नाही. मध्यरात्रीनंतर पाऊस वाढत गेला, पहाटे एका तासात 122.5 मिमी कोसळला, आणि ज्वालामुखीच्या राखेचा पातळ थर झाडांसकट घसरून मोतोमाची वस्तीवर आला. 24 तासांत 824 मिमी पाऊस झाला होता. 36 माणसे गेली आणि 3 सापडलीच नाहीत. बहुतेक घरांत माणसे झोपलेली होती.

म्हणून आदेशाची वाट पाहू नये. दुपारी तीन वाजता स्वतःला तीन प्रश्न विचारावेत : आपले घर रंगीत पट्ट्यात आहे का, आतापर्यंतचा पाऊस 100 मिमीच्या पुढे गेला आहे किंवा रात्रीतून जाणार आहे का, आणि वादळाचा जोर रात्री वाढणार आहे का. तिन्हींची उत्तरे ‘हो’ असतील, तर स्वयंपाक उरकून, गॅस बंद करून उजेडात निघावे. रात्री काही घडले नाही आणि सकाळी घर जसेच्या तसे उभे दिसले, तर ती रात्र वाया गेली असे मानू नये. घरातले ज्येष्ठ ‘आम्ही असे पाऊस पुष्कळ पाहिलेत’ म्हणतील. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा, ‘आज रात्री जोशींकडे जेवायला जायचे आहे’ असे सांगून त्यांना घेऊन निघावे.

बाहेर पडायच्या आत दिसणाऱ्या खुणा

उतारावरून खडे घरंगळणे, कोरड्या जागी नवा पाझर फुटणे, नेहमीचे झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे किंवा आटणे, मुळे तुटण्याचा कडकड आवाज, डोंगरातून येणारी घरघर, आणि कुजलेल्या ओल्या मातीचा उग्र वास या खुणा दिसल्या की सामान न घेता निघावे. सर्वांत फसवी खूण ओढ्याची असते. पाऊस कोसळत असताना ओढ्याचे पाणी अचानक कमी झाले, तर माणसाला हायसे वाटते. प्रत्यक्षात वर कुठेतरी दरड पडून पाणी तुंबलेले असते आणि तो बांध फुटला की सगळे एकदम खाली येते. मात्र या खुणा पाहण्यासाठी ओढ्याकाठी किंवा कड्याखाली जाऊन उभे राहू नये, आणि खुणा दिसल्या नाहीत म्हणून थांबूही नये. कडे बहुधा काही न सांगताच कोसळतात.

निघता आले नाही तर

रात्र झाली, रस्त्यावर गुडघाभर पाणी आहे, अशा वेळी बाहेर पडणे अधिक धोक्याचे ठरू शकते. जवळची पक्की काँक्रीटची इमारत दोन-चार मिनिटांवर असेल तर तिच्या वरच्या मजल्यावर जावे. तेही शक्य नसेल तर स्वतःच्या घरात वरच्या मजल्यावर, डोंगराच्या विरुद्ध बाजूच्या खोलीत सर्वांनी एकत्र थांबावे; झोपण्याची जागा कधीही डोंगराकडच्या खालच्या खोलीत नसावी. बाहेर असताना लोंढा येताना दिसला, तर त्याच्या पुढे खाली धावू नये. ओढ्याच्या वाटेला काटकोनात, बाजूच्या उंच जागेकडे जावे. मदतीसाठी 119 आणि घरच्यांना निरोप ठेवण्यासाठी 171 हे क्रमांक मुलांनाही पाठ असावेत.

सातवी पायरी : पाऊस थांबल्यानंतर

आकाश निवळले म्हणून परतू नये. खालचे रांजण अजून भरत असतात. तैवानमध्ये ऑगस्ट 2009 च्या मोराकोट वादळात आलिशान परिसरात काही दिवसांत 2,700 मिमीहून अधिक पाऊस झाला. 9 ऑगस्टच्या सकाळी शियाओलिन गावावर डोंगर कोसळला, त्या राडारोड्याने नदी अडली आणि तो बांधही पुढे फुटला. 400 हून अधिक गावकरी मरण पावले. एका घसरणीनंतर दुसरी येते, हे गृहीत धरूनच वागावे. आदेश मागे घेतल्याची घोषणा होईपर्यंत निवाऱ्यात राहावे आणि परतताना त्याच वाटेवर नवे तडे, झुकलेले खांब, गढूळ पाझर आहेत का हे पाहत यावे.

घरात माती शिरली असेल तर साफसफाईला हात लावण्याआधी चारही बाजूंनी घराचे आणि प्रत्येक खोलीचे फोटो काढावेत. माती भिंतीवर किती उंच चढली हे दिसावे म्हणून शेजारी पट्टी किंवा बाटली ठेवावी. हे फोटो घेऊन प्रभाग कार्यालयात रिसाई शोमेइशो, म्हणजे आपद्‌ग्रस्त असल्याचा दाखला, मागावा; बहुतेक सवलती त्यावरच मिळतात. भाड्याच्या घराबरोबर घेतलेल्या आगीच्या विम्यात ‘सुइसाई’ (पाण्यामुळे होणारी आपत्ती) हे कलम असेल तर पावसाने कोसळलेल्या दरडीची भरपाई त्यात येते. विम्याचा हप्ता कमी करण्यासाठी कधी कधी हे कलम वगळलेले असते, म्हणून घर पिवळ्या पट्ट्यात असेल तर पॉलिसीचा कागद आजच काढून तो एक शब्द शोधावा.